दोन गावांत बांधलेला प्रोग्राम

“ही आली म्हंजी उद्यापास्नं आपल्याला सुट्टी.”

निवडणीच्या लांब टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली. मी शेडच्या दारात चपला काढत होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात केबलींचं भेंडोळं.

“हळू की. ऐकंल ती,” शेजारीण म्हणाली.

“ऐकू दे. विंग्रजी साळंतली हाय, तिला काय कळतंय आपलं?”

सगळ्या हसल्या. मी काहीच न कळल्यासारखा चेहरा करून मशीनकडे गेले. हा चेहरा मला चांगला जमतो. शाळा इंग्रजी माध्यमाची होती हे खरं, पण घर साताऱ्यातलं आहे आणि आमच्या गल्लीतली सगळी भांडणं मी याच बोलीत ऐकत मोठी झाले. मला शब्दन् शब्द कळला होता. आणि सुट्टीचं ती बाई म्हणत होती ते खरंच होतं.

गेल्या वर्षीची, दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. कवठे महांकाळच्या बाहेर अप्पांचं बेदाण्याचं शेड आहे. सणाच्या तोंडावर मागणी वाढते, तेव्हा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेला माल बाहेर काढून पुन्हा निवडतात. काळपट दाणे, काड्या, देठ वेगळे करायचे. पूर्वी हे काम टेबलावर बसून बाया करत. मग अप्पांनी मशीन घेतलं. बेदाणे पट्ट्यावरून धावत येतात, वर बसवलेला कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, आणि नको असलेला दाणा खाली पडता पडता हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडतो. कुठला दाणा उडवायचा हे ठरवणारा प्रोग्राम आमच्या कंपनीचा.

मशीन बसलं आणि बाया घरी गेल्या. मग मशीन मधेच बंद पडायला लागलं. बंद पडलं की अप्पा दोन फोन करत. एक आमच्या कंपनीला आणि एक बायाक्काला. बायाक्का वस्तीवरच्या बायांना गोळा करून यायची आणि टेबल पुन्हा भरायचं. मग मी यायचे. मी मशीन सुरू केलं की दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं.

म्हणजे मला बघून त्या खुश व्हाव्यात असं काही नव्हतं.

माझं काम बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड जातं. पाहुणे आले की आई सांगते, “कंप्युटरमध्ये आहे.” जणू मी आत राहते. पण पुढचं कळायला थोडं सांगावं लागेल.

आम्ही प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. कम्पायलर नावाचा आणखी एक प्रोग्राम त्याचं मशीनला कळेल अशा आकड्यांत रूपांतर करतो. मोठा प्रोग्राम एकसंध नसतो. त्याचे तुकडे वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी एकमेकांना जोडले जातात. या सगळ्याला मिळून आम्ही ‘बिल्ड’ म्हणतो. प्रत्येक तुकड्याला रोजची काही कामं लागतात. नाव साठवणं, यादी करणं, मेमरीत जागा मागणं, ती परत करणं. ही कामं कोणी नव्याने लिहीत बसत नाही. ती कम्पायलरबरोबर तयार येतात. त्या तयार कामांच्या गठ्ठ्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात.

घोळ इथे आहे की हा गठ्ठा एकच नाही. कम्पायलरची आवृत्ती बदलली, किंवा बिल्ड करताना एखादा पर्याय वेगळा निवडला, की गठ्ठा वेगळा येतो. नाव तेच, वरून दिसणं तेच, आतला हिशेब वेगळा. एका प्रोग्रामच्या दोन तुकड्यांनी दोन वेगळे गठ्ठे घेतले तरी दोघंही आपापल्या जागी बरोबरच चालतात. चुकतं ते एकाने दुसऱ्याच्या हातात काही दिल्यावर.

लग्नात भांडी कमी पडली म्हणून दोन मंडपवाल्यांकडून आणली असं समजा. जेवणं होईपर्यंत काहीच बिघडत नाही. पातेलं कोणाचंही असलं तरी भात शिजतो. दुसऱ्या दिवशी घाईत एकाची पातेली दुसऱ्याच्या टेम्पोत चढली तर त्या वेळीही कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या लग्नाला मंडपवाला भांडी मोजायला बसतो तेव्हा आरडाओरडा होतो, आणि तोवर तुमचं लग्न सगळे विसरलेले असतात. मेमरीचं तसंच आहे. एका गठ्ठ्याकडून घेतलेली जागा दुसऱ्याला परत केली, तर प्रोग्राम त्या क्षणी पडेलच असं नाही. नंतर कधीतरी, दुसरंच काही करताना पडतो. आणि आम्ही जिथे पडला तिथे शोधत बसतो.

आमच्या कंपनीत हा घोळ होण्याचं कारण तांत्रिक नव्हतं. कंपनीला दोन भागीदार आहेत, एक साताऱ्यात आणि एक सांगलीत. पूर्वी ते एकाच खोलीत बसायचे. आता बोलत नाहीत. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. साताऱ्याच्या ऑफिसात मुख्य प्रोग्राम होतो, म्हणजे स्क्रीन, लॉटची (एकेका बागायतदाराच्या मालाची) नावं, पट्ट्याचा वेग वगैरे. सांगलीत कॅमेऱ्याचा भाग होतो. आपापला तुकडा आपापल्या कंप्युटरवर, आपापल्या कम्पायलरने बांधायचा ही पद्धत. दोन्ही तुकडे पहिल्यांदा एकमेकांना भेटतात ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर, विलासदादांच्या पेन ड्राइव्हमधून.

विलासदादा आमच्याकडचे सर्व्हिसचे. मूळ म्हसवडचे, जीप तेच चालवतात, गिऱ्हाईक त्यांना घरचं समजतं. त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये कुठल्या कुठल्या मशीनवरून गोळा केलेल्या लायब्ररीच्या फायली असतात. शिरवळला एका कारखान्यात बाटल्यांची लेबलं तपासणारं मशीन आम्ही बसवत होतो. माझ्याकडे चाललेला प्रोग्राम तिथे सुरूच होईना. स्क्रीनवर ओळ आली की अमुक फाइल सापडत नाही. मी साताऱ्याला फोन लावत होते, तोवर विलासदादांनी त्या नावाची एक फाइल पेन ड्राइव्हमधून टाकली आणि मशीन सुरू झालं.

“ही फाइल कुठल्या मशीनवरची?” मी विचारलं.

“असंल कुठली तरी. चाललं न्हवं? मग बास झालं, मॅडम. चहा घ्या.”

मी चहा घेतला. ते मशीन पुढे कधी बंद पडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. अशी मशीनंच माणसाच्या सवयी बिघडवतात.

अप्पांच्या शेडवर मात्र नशीब एवढं बरं नव्हतं. तिथला प्रोग्राम तक्रार न करता सुरू व्हायचा आणि चालता चालता नाहीसा व्हायचा. स्क्रीन रिकामी, फवारे गप्प. पट्टा मात्र चालूच. चांगला आणि काळपट माल एकाच वाटेने क्रेटमध्ये पडत राहायचा आणि कोणीतरी ओरडेपर्यंत पडतच राहायचा. मी साताऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, आमच्याकडे चालतंय. सांगलीला विचारलं. “आमच्याकडंबी चालतंय की.” दोघंही खरं बोलत होते. मी लॅपटॉप लावून बसले की माझ्यासमोरही चालायचं. दिवसभर काही होत नाही म्हणून मी प्रोग्राम पुन्हा टाकून परतायचे. बाया घरी जायच्या. मग पुन्हा फोन.

असं होत होतं म्हणून टेबलावरच्या बाया मला ओळखायला लागल्या. मी त्यांना. त्या माझ्यासमोर मोकळं बोलत, कारण मला कळत नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. एकदा मी मशीनखाली वाकून केबल बघत होते, तेव्हा मागून आवाज आला, “ही बोलती का न्हाई गं कधी? का तिला बी त्येच्यावानी बटन हाय?”

“दाबून बघ की!”

तो हशा बराच वेळ चालला. मला खरं तर हसू आलं होतं. पण तोवर एवढे दिवस न कळल्यासारखं करून झालं होतं की हसणं म्हणजे इतके दिवस सगळं ऐकत होते असं सांगणंच झालं असतं. मी केबल बघत राहिले.

बायाक्का मात्र फसली नसावी. ती टेबलाच्या टोकाला, उजेडाच्या बाजूला बसायची. उंच, हाडापेरानं दणकट, पण उठताना टेबलाला धरून, दम खाऊन उठणारी. गुडघे गेले होते. एके दुपारी मी जीपशेजारी उभी राहून डबा खात होते, तेव्हा ती शेडच्या मागून म्हणाली, “ये हिकडं सावलीला. उभ्यानं काय खातीस?”

मी गेले. तिने फडक्यातली अर्धी भाकरी आणि वर खर्डा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. मला विचारलं नाही. थोडा वेळ आम्ही खाल्लं.

“तुला कळतंय समदं,” ती म्हणाली. “व्हय का न्हाई?”

मी मान हलवली.

“मग त्या बायांचं मनावर घिऊ नगंस. चेष्टा करत्यात. बसून बसून तोंड आंबतंय त्यांचं.” मग ती पाणी प्यायली आणि आपलं सांगायला लागली. कोणाला तरी सांगायचंच होतं, मी समोर होते.

द्राक्षबागांच्या छाटणीची टोळी निघायच्या बेतात होती. दादू मुकादम रोज विचारत होता, येतेस का नाही. एकदा गेलं की गावोगाव, बागेतच मुक्काम. सणालासुद्धा परत येणं नाही. आणि जागा तो कोणासाठी अडवून ठेवत नाही.

“तुमच्या गुडघ्यांना उभ्यानं काम झेपेल?” मी विचारलं. तिच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“न झेपून कुणाला सांगायचं? गुडघ्याचं न्हाई काय एवढं. नात हाय माझ्यापाशी. लेक आन् जावई मेंढरं घिऊन फिरत्यात, आज हितं तर उद्या तितं. पोरीला मी ठिवून घेतलीया, हितल्या साळंत घातलीया. लय ग्वाड वाचती. मी टोळीसंगं गेले तर तिला मेंढरामागं धाडावं लागंल, दुसरं कोण हाय?” तिने फडकं झटकलं. “म्हणून बसलीया ह्या मशीनकडं बघत. ते पडलं की माझं बरं. पडलं न्हाई तर काय खावं, ह्यो घोर. ना हिकडची, ना तिकडची.”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

“तुला म्हणत न्हाई काय, बाय. तू तुझं काम कर. ते करायलाच धाडलंय तुला.”

त्या दुपारनंतर मशीन का पडतं हे शोधताना मन पूर्वीसारखं मोकळं राहिलं नाही. तरी शोधत होते. न शोधणं मला जमलं नसतं, एवढंच त्याबद्दल सांगू शकते.

सापडलं ते नुसतं बघत बसल्यामुळे. त्या दिवशी मी काहीच उघडलं नाही. एका उपड्या क्रेटवर बसून मशीन वापरणाऱ्यांकडे बघत राहिले. मशीन चालवायला एक पोऱ्या ठेवला होता. नवा माल आला की तो स्क्रीनवर लॉटचं नाव टाकायचा, इंग्रजीत, आडनावापुरतं. माने. जाधव. सगळं ठीक. मग अप्पा आले. पांढरा लेंगा-शर्ट, डोळ्यांवर चष्मा, आल्या आल्या बायांना म्हणाले, “काय गं बायांनो, झालं का जेवण?” विलासदादा माझ्या कानाशी पुटपुटले, “आता पडतंय बघा. ह्यांची नजरच लागतीया मशीनला.” आणि खरंच, अप्पा शेडवर असले की मशीन पडतं, ही तिथली जुनी चेष्टा होती.

नवा लॉट लागला. अप्पांनी पोऱ्याला बाजूला सारलं आणि एका बोटाने, मराठीत, सावकाश टाइप केलं: श्री. रघुनाथराव तात्यासाहेब माने. मग गावाचं नाव. मग एकदा वाचून बघितलं आणि पुढे गेले. बेदाणे नेहमीसारखे धावत होते. चहा आला, चहा झाला. अप्पांनी आणखी एक लॉट लावला, तसाच पूर्ण नावाने. थोड्या वेळाने स्क्रीन रिकामी झाली.

नजर लागत होती, पण ती वेगळ्या वाटेने.

स्टँडर्ड लायब्ररीत नाव ठेवायची एक युक्ती असते. नाव छोटं असेल तर ते जागच्या जागी, खिशात ठेवावं तसं मावतं. वेगळी जागा मागावी लागत नाही. नाव लांब असेल, आणि मराठी अक्षरांना इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, तर मग मेमरीत वेगळी जागा घ्यावी लागते. म्हणजे मंडपवाल्याकडून भांडं आणावं लागतं. लॉटचं नाव साताऱ्याच्या तुकड्यात तयार व्हायचं आणि सांगलीच्या तुकड्याच्या हातात जायचं. काम झालं की सांगलीचा तुकडा ती जागा परत करायचा, अर्थात त्याच्या गठ्ठ्याला. ती घेतलेली असायची साताऱ्याच्या गठ्ठ्याकडून. छोट्या नावाला जागाच घेतलेली नसायची, म्हणून काही चुकत नव्हतं. आणि दोन्ही ऑफिसांत तपासताना आम्ही सगळे नाव काय टाकत होतो? टेस्ट. एबीसी.

माल ज्याचा त्याला मान द्यायचा म्हणून कोणी पूर्ण नाव लिहील, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी हे विलासदादांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. “आवं अप्पा, नाव बारकं टाकत जावा. नुसतं माने टाका, इषय संपला.”

अप्पांनी चष्मा काढला. “नुसतं माने? तालुक्यात माने काय एक हाय? वरीसभर उन्हातान्हात राबून माणूस माल आणतो माझ्याकडं, आन् त्याचं नाव मी धड लिवू नको? मशीनला झेपत न्हाई म्हणून?” मग माझ्याकडे वळून, आवाज जरा उतरवून, “न्हाई मॅडम. तसलं काय सांगू नका. मशीन नीट करा.”

त्यांचं मला पटलं. माझ्या मागे टेबलावर हात चालू होते. त्यांच्यापैकी कोणाचंही नाव मी अप्पांच्या तोंडून तिथे एकदाही ऐकलं नव्हतं. बायांनो, एवढंच. बायाक्काचं कळलं तेही त्या एकमेकींना हाक मारतात म्हणून.

पुढचं काम मी सांगलीच्या ऑफिसात केलं. आधी तो प्रोग्राम हवा तेव्हा पाडून दाखवला. आमच्या कामात यासारखं सुख नाही. जे आपोआप होत होतं ते आपण ठरवून करू शकलो म्हणजे ते सापडलं. मी लांब नावं टाकत गेले आणि प्रोग्राम माझ्या टेबलावर आज्ञाधारकपणे पडत गेला. सांगलीचे साहेब, म्हणजे तिथले भागीदार, मागे उभे होते.

“म्हणजे चूक साताऱ्याची,” ते म्हणाले.

“नाही सर.”

“मग आमची?”

“तीही नाही. दोन्ही तुकडे बरोबर आहेत. एकत्र बरोबर नाहीत.”

मी भागीदारीबद्दल बोलत नव्हते, प्रोग्रामबद्दलच बोलत होते. पण ते खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, “काय लागेल ते करा. त्याला तुम्हीच सांगा.”

साताऱ्याला मीच सांगितलं. त्यांनीही हो म्हटलं, तेही माझ्यामार्फत. तेव्हापासून दोन्ही तुकडे एकाच कंप्युटरवर, एकाच कम्पायलरने, एकच पर्याय ठेवून बांधले जातात आणि दोघंही एकाच सामाईक लायब्ररीकडे जातात. ज्याने जागा घेतली त्यानेच परत करायची, दुसऱ्याला ते नाव फक्त वाचायला द्यायचं, असा नियम मी घातला. आणि सुरू होताना दोन्ही तुकडे एकमेकांना विचारतात, तुला कशाने बांधलंय? उत्तर जुळलं नाही तर प्रोग्राम सुरूच होत नाही. विलासदादांना हे आवडलेलं नाही. त्यांच्या पेन ड्राइव्हचं वजन कमी झालं.

मग मी सगळं जोडून रात्रंदिवस चालू ठेवलं. सापडतील तेवढी लांब नावं त्याला दिली. पडलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. कॉलेजात कोणी हे शिकवलं नव्हतं, माझं मीच बघून काढलं होतं. नवा प्रोग्राम घेऊन अप्पांच्या शेडकडे निघाले, तेव्हा मिरज मागे पडेपर्यंत जीपमध्ये मी खुशीत होते. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा लागल्या. काही ठिकाणी छाटणी सुरू झालेली होती. वेलींखाली डोक्याला फडकी बांधलेल्या बाया हात वर करून उभ्या होत्या. त्यानंतर विलासदादा काय बोलत होते ते माझ्या फार लक्षात नाही.

टेबल भरलेलं होतं. मशीन आदल्या आठवड्यात पडलेलं, त्यामुळे सगळ्या आलेल्या. मी नवा प्रोग्राम टाकला. अप्पांनी पूर्ण नावाचा लॉट लावला. मग आणखी एक. मग मी म्हटलं, आता वेगवेगळी नावं टाकून बघते, आणि अप्पा सांगतील तसं एकेका बागायतदाराचं नाव टाइप करत गेले. नाव टाकायचं, माल सोडायचा, थांबायचं, पुढचं नाव. बेदाणे धावत होते, फवारे फटफट वाजत होते.

अप्पा थांबले. “एवढीच आठवत्यात.”

“मग आमची घ्या की!” टेबलावरून आवाज आला. “सगळ्या गावाची नावं झाली. आमाला काय नावं न्हाईत व्हय?”

“घे गं, बायाक्काचं घे. लांबलचक हाय.”

“गप बसा गं,” बायाक्का म्हणाली. पण अप्पाही हसत म्हणाले, “सांग की. टाकू दे त्यांना.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने पदर सारखा केला. शाळेत हजेरीला उभं राहिल्यासारखी बसल्या जागी ताठ झाली आणि म्हणाली, “बायाक्का सिदू कोळेकर.”

मी टाइप केलं. आधी नुसतं नाव. मग अप्पा लिहीत तसं, पुढे ‘श्रीमती’ जोडलं आणि शेवटी गाव. स्क्रीनवर ठळक अक्षरांत ते उमटलं. बाया टेबल सोडून बघायला आल्या. एकीने तिच्या पाठीत धपाटा घातला. “बघ, बागायतदारीण झालीस!” बायाक्काला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, “ह्येच का?” आणि मी बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत.

तिच्या नावाखाली माल धावत राहिला. हिरवा, पिवळा, एकसारखा. काळा दाणा आला की उडत होता. सगळ्या उभ्या होत्या, हसत होत्या, आणि मग हळूहळू कोणीच हसेना. वाट बघत होत्या. एरवी एव्हाना पडलं असतं. मी लॉट संपवला. तोच पुन्हा लावला. चालतच राहिलं. एकेक बाई आपल्या जागेकडे परत गेली. पण कोणी बसलं नाही, आपापले रुमाल आणि डबे गोळा करायला लागल्या.

अप्पा फोनवर बोलत बाहेर गेले. बायाक्का तशीच मशीनजवळ उभी होती, एक हात पट्ट्याच्या कठड्यावर ठेवून. मशीनची थरथर तिच्या बांगड्यांना लागत होती.

“दादू मुकादम सांजच्याला येणार हाय,” ती म्हणाली. “गाडी भरून चाललीया. आज हो-न्हाई सांगायचंय त्येला.” मग माझ्याकडे वळली. “खरं सांग, बाय. परत पडंल का हे?”

आमच्या धंद्यात कोणी ‘कधीच नाही’ म्हणत नाही. ‘सध्या तरी ठीक दिसतंय’, ‘आम्ही लक्ष ठेवू’, ‘सांगता येत नाही’. ही वाक्यं मला पहिल्या महिन्यातच मिळाली होती आणि माझ्या स्वभावाला ती बसली होती. त्यांतलं कुठलंही म्हणता आलं असतं. ‘सांगता येत नाही, मावशी.’ तिला ते ऐकायचंही होतं, हे मला दिसत होतं. मग ती राहिली असती. नात शाळेत राहिली असती, महिनाभर. टोळी निघून गेली असती. बायाक्का रोज फोनकडे बघत बसली असती आणि फोन आला नसता.

टेबलावरच्या बाया डबे हातात घेऊन थांबल्या होत्या. त्यांनाही ऐकायचं होतं. त्यांच्यापैकी कोणी माझा आवाज नीटसा ऐकलेला नव्हता. मी लॅपटॉप मिटला.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “आता हे बंद पडणार नाही. दादूला हो म्हणून सांगा.”